मदत हवी आहे: व्हीएचएस विषाणू, ट्राउट आणि टर्बट

नमस्कार मंडळी. कराडला एम.एस्सी. प्राणिशास्त्र करतोय. सेमिनारला व्हीएचएस (व्हायरल हेमोरेजिक सेप्टिसिमिया) हा माशांचा विषाणूजन्य रोग घेतलाय. आपल्याकडे कोयनेच्या पाण्यात रोहू-कटला बघितलेले, ट्राउट फक्त फोटोत, त्यामुळे अडलंय.

लक्षणं कळली: डोळे बाहेर आलेले, कल्ले रक्त नसल्यासारखे फिकट, स्नायूत आणि पंखांच्या मुळाशी रक्ताचे ठिपके, शेवटी मासा गोल गोल फिरत राहतो. विषाणू थंड पाण्यातला, १५ अंशांच्या वर सहसा साथ येत नाही. औषध नाही.

गाडी अडते ती पुढे. समुद्रातल्या माशांत सापडणारे काही प्रकार रेनबो ट्राउटला फारसं काही करत नाहीत, पण टर्बटसारख्या चपट्या माशाला (आपल्या लेपीच्या जातकुळीतला) मारतात. जपान-कोरियात फ्लाउंडरच्या शेतीत पुन्हा वेगळाच प्रकार, ४अ. विषाणू एकच, मग हा फरक कशामुळे? ग्लायकोप्रोटीनमुळे (विषाणूच्या आवरणावरचं प्रथिन) की माशाच्या प्रतिकारशक्तीमुळे? सर म्हणतात, "वाचून काढ." वाचतोय, पण पेपर एकमेकांशी जुळत नाहीत.

हिमाचल किंवा काश्मीरच्या ट्राउट फार्मवर काम केलेलं कुणी आहे का इथे? आणि मूत्रपिंडाच्या स्लाइडचे फोटो असतील तर प्लीज पाठवा, निरोगी माशाचे असले तरी चालतील.