दोन्ही मुख्य परिणाम सार्थक नाहीत, तरी आंतरक्रिया सार्थक: २×२ घटकीय अभिकल्प कसा वाचावा?

प्रश्न – एम.ए. मानसशास्त्राची विद्यार्थिनी

नमस्कार. घटकीय अभिकल्पाच्या, म्हणजे फॅक्टोरियल डिझाइनच्या, प्रकरणात मी अडले आहे. सरावाच्या एका उदाहरणात दोन्ही घटकांचे मुख्य परिणाम सार्थक (केवळ योगायोगाने आले असे म्हणता येणार नाही इतके ठळक) नव्हते, पण आंतरक्रिया, म्हणजे एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकानुसार बदलणे, स्पष्टपणे सार्थक होती. ज्या घटकाचा स्वतःचा परिणामच नाही, तो दुसऱ्या घटकाबरोबर येताच परिणाम कसा घडवू शकतो? शिवाय दोन घटकांसाठी दोन सुटे प्रयोग केले तर काय बिघडते? कृपया एखाद्या प्रत्यक्ष प्रयोगाच्या आधारे कोणी समजावून सांगावे.

प्रतिसाद – निवृत्त प्राध्यापक

मुख्य परिणाम ही एका घटकाच्या परिणामाची दुसऱ्या घटकाच्या सर्व पातळ्यांवरची सरासरी असते, आणि विरुद्ध दिशांचे दोन परिणाम सरासरीत एकमेकांना खोडून काढतात. म्हणून मुख्य परिणाम सार्थक नसला, तरी त्या घटकाचा परिणामच होत नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांचा १९७५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग घ्या. पाणबुड्यांनी ३६ शब्दांची यादी एकदा किनाऱ्यावर आणि एकदा सुमारे २० फूट खोल पाण्यात ऐकली, आणि तिचे प्रत्यावाहनही (शब्द स्वतःहून आठवून सांगणे) या दोन्ही ठिकाणी केले. शिकण्याचे ठिकाण हा पहिला घटक आणि आठवण्याचे ठिकाण हा दुसरा. प्रत्येकाच्या दोन पातळ्या, म्हणून चार स्थिती. जमिनीवर शिकून जमिनीवरच आठवलेल्या शब्दांची सरासरी १३.५ होती, तर जमिनीवर शिकून पाण्यात आठवलेल्यांची ८.६. पाण्यात शिकून जमिनीवर ८.४ आणि पाण्यात शिकून पाण्यातच ११.४ शब्द आठवले.

आता आठवण्याच्या ठिकाणाचा मुख्य परिणाम काढा. जमिनीवरच्या प्रत्यावाहनाची सरासरी १०.९५ येते आणि पाण्यातील १०.०, फरक एका शब्दाहूनही कमी. परंतु जमिनीवर शिकलेल्या यादीपुरते पाहिले, तर पाण्यात उतरल्याने ४.९ शब्दांचा तोटा झाला, आणि पाण्यात शिकलेल्या यादीपुरते पाहिले, तर पाण्यातच राहिल्याने ३ शब्दांचा फायदा झाला. फरकांमधला हा फरक, ७.९ शब्दांचा, म्हणजेच आंतरक्रिया. प्रयोगकर्त्याने सर्वांना केवळ जमिनीवर शिकवले असते, तर ‘पाण्यात आठवण मंदावते’ असा निष्कर्ष त्याने पूर्ण खात्रीने मांडला असता आणि तो चुकीचा ठरला असता. सुट्या प्रयोगांत बिघडते ते हेच, कारण ‘शिकण्याचे व आठवण्याचे ठिकाण जुळते का’ हा प्रश्न दोन्ही घटक एकत्र बदलल्याशिवाय विचारताच येत नाही.

प्रतिसाद – संशोधन साहाय्यक

सरांच्या विवेचनाला काटकसरीचा मुद्दा जोडते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात रोथॅमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात हीच बाजू मांडली होती. समजा, २×२ अभिकल्पात ४० प्रयुक्त (प्रयोगात भाग घेणाऱ्या व्यक्ती) आहेत आणि प्रत्येक गटात १० जण यादृच्छिक पद्धतीने विभागले आहेत. तरीही प्रत्येक मुख्य परिणामासाठी तुलना २० विरुद्ध २० अशीच होते, कारण प्रत्येक प्रयुक्ताची माहिती दोन्ही प्रश्नांसाठी वापरली जाते. सुट्या प्रयोगांत एवढ्याच अचूकतेसाठी ८० प्रयुक्त लागले असते, आणि आंतरक्रिया तरीही कळली नसती.

आलेख नक्की काढावा, एका घटकाच्या प्रत्येक पातळीसाठी एक रेषा. पाणबुड्यांच्या प्रयोगात रेषा एकमेकींना छेदतात, त्यामुळे गुणांची मोजपट्टी बदलली तरी हा निष्कर्ष सहसा टिकतो. रेषा केवळ असमांतर असतील आणि छेदत नसतील, तर मात्र सावध राहावे. चाचणी फार सोपी असल्यास वरचे गुण कमाल मर्यादेला अडकतात आणि आंतरक्रियेचा निव्वळ आभास निर्माण होतो.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. मग अहवालात मुख्य परिणाम लिहायचेच नाहीत का?

प्रतिसाद – निवृत्त प्राध्यापक

प्रसरण विश्लेषणातील (अनोव्हा) तिन्ही एफ-मूल्ये, म्हणजे दोन मुख्य परिणामांची व आंतरक्रियेची चाचणी-मूल्ये, अवश्य द्यावीत, मात्र चर्चेची सुरुवात आंतरक्रियेपासून करावी आणि पुढे एका घटकाच्या प्रत्येक पातळीवर दुसऱ्या घटकाचा साधा परिणाम तपासावा. मुख्य परिणामांचा अर्थ त्यानंतरच लावावा.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आंतरक्रिया सार्थक आली, तरी तिचे कारण अभिकल्प आपोआप सांगत नाही. ठिकाण न जुळणाऱ्या दोन्ही स्थितींत पाणबुड्यांना मध्येच जागा बदलावी लागत होती. मग विस्मरण न जुळण्यामुळे झाले की ये-जा करण्यामुळे? ही शंका त्याच संशोधकांनी गंभीरपणे घेतली आणि दुसऱ्या प्रयोगात काहींना जमिनीवर शिकल्यावर पाण्यात उतरवून पुन्हा जमिनीवरच आठवायला लावले. केवळ ये-जा केल्याने प्रत्यावाहन घटले नाही. पुढे १९८० साली त्यांनी प्रत्यावाहनाऐवजी प्रत्यभिज्ञा (समोर दाखवलेला शब्द ओळखणे) तपासली, तेव्हा ठिकाण जुळण्याचा फायदा दिसला नाही. म्हणजे मापनाची पद्धत हाही एक घटकच ठरला.

१९७५च्या प्रयोगाच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पुनरावृत्तीत मूळ आंतरक्रिया आढळली नाही. त्यामुळे अभिकल्प शिकण्यासाठी हे उदाहरण उत्तम असले, तरी स्मृतीविषयीचा निष्कर्ष परीक्षेत लिहिताना ही पुनरावृत्तीही जरूर नमूद करावी.