मदत हवी आहे: १९७३ च्या प्रेसिडेंट मोटारीचे इंजिन घरी बांधतोय. नुसत्या पिस्टनच्या रिंगा टाकू की चारही सिलिंडर बोअर (कापून रुंद) करू?

नमस्कार मंडळी,

वडिलांची १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट मिरजेत आमच्या घरामागच्या शेडमध्ये उभी आहे. (पद्मिनी हे नाव १९७४ ला आले. त्याआधी कुर्ल्याच्या कारखान्यातून हीच फिएट प्रेसिडेंट नावाने बाहेर पडायची.) इंजिन तेच सगळ्यांच्या ओळखीचे: १०८९ सीसी, ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, बिडाचा ब्लॉक, वर अ‍ॅल्युमिनियमचे हेड. वडील ७९ वर्षांचे आहेत. दिवाळीपर्यंत गाडी चालती करून त्यांना तिच्यातून नरसोबाच्या वाडीला न्यायचे आहे, म्हणून घाई.

मी शिक्षक आहे. स्कूटरची दोन इंजिने खोलून बांधली आहेत, मोटारीचे हे पहिलेच. सगळे मिळून ४५,००० रुपये बाजूला काढले आहेत, त्यापलीकडे जाणे शक्य नाही.

खोलण्याआधी गाडी निळा धूर मारत होती, ऑइल खात होती आणि चढाला तापत होती. कॉम्प्रेशन पाहिले: १ नंबर ११५, २ नंबर ७०, ३ नंबर ७०, ४ नंबर ११० पीएसआय. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा पाहिले, तर १ आणि ४ बरेच वाढले, २ आणि ३ जवळपास तिथेच. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले, म्हणून मधले गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधले पातळ अस्तर) जळाले असणार असे वाटले. हेड काढल्यावर तसेच निघाले, २ आणि ३ च्या मधली पट्टी काळी पडून तुटलेली.

मग भाड्याची चेनपुली लावून इंजिन उतरवले. कुपवाडच्या एका मित्राकडून डायल बोअर गेज आणले. पिस्टनच्या माथ्यावर ०.४ (मूळ मापापेक्षा इतके मिमी जादा) कोरलेले आहे, म्हणजे एकदा बोअर झालेले आहे. तळाशी, जिथे रिंग पोचत नाही तिथे, चारही ६८.४० भरतात. वर, कडेच्या जरा खाली, अनुक्रमे ६८.४७, ६८.५८, ६८.५५, ६८.४६. वरची कड, म्हणजे रिंग पोचत नसल्याने न झिजलेला काठ, नखाला स्पष्ट लागते. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) ३ नंबर पिनवर ओरखडे आहेत, नख अडते. मेन बेअरिंगचे तिन्ही जर्नल (क्रँक ज्यांवर फिरतो ते भाग) डोळ्यांना तरी गुळगुळीत दिसतात.

गावातले मेस्त्री म्हणतात, "हाफ कामात भागेल सर. होन मारू, रिंगा नि बिगएंड बेअरिंग नवीन टाकू." होन म्हणजे सिलिंडरची भिंत बारीक दगडाने घासणे, बिगएंड म्हणजे क्रँकच्या पिनवरचे बेअरिंग. त्यांचा अंदाज १४,००० चा. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या लेथवाल्यांनी चारही बोअर, नवे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग आणि हेडचा फेस (खालची बाजू घासून सपाट करणे) मिळून ३६,००० सांगितले. दुसरे इंजिन बसवा, असे सांगणारेही भेटले. ते मला नको आहे. आरसीवरचा नंबर याच ब्लॉकचा आहे आणि १९८१ पासून वडिलांनी याच इंजिनाचा आवाज ऐकला आहे.

तर विचारायचे ते असे. मेस्त्रींच्या सल्ल्याने गेलो तर किती टिकेल? बोअर करायचे तर पुढचा ०.६ चा पिस्टन चालेल का? आणि हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी आत्ताच काही बदलून घ्यावे का?

प्रतिसाद १

सर, मापे दिलीत म्हणून नीट सांगता येते. २ नंबरला वर-खाली ०.१८ चा फरक आहे. बोअरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या सव्वातीन पट, जरा कमीच म्हणा, रिंगेचे तोंड (तिच्या दोन टोकांमधली फट) उघडते. म्हणजे तळाशी ०.२५ चे तोंड ठेवलेत तर वर ते ०.८० च्या पुढे जाणार. शिवाय ती रिंग दर फेरीला उघडणार आणि मिटणार. वरची कड न काढता नवी रिंग टाकली तर तिचा ताजा काठ कडेवर आपटून रिंग तुटू शकते. हाफ कामात १४,००० जातील आणि वर्षभरात धूर परत येईल. हे काम मी स्वतःच्या गाडीवर करून पस्तावलो आहे.

०.६ सुद्धा विसरा. ६८.५८ घासलेल्या बोअरमधून ६८.६० काढायचे म्हणजे हाताशी ०.०२ च राहतात. झीज सगळीकडून सारखी नसते, एका बाजूला खड्डा राहणार. एक तर ०.८ शोधा, नाहीतर चारही लायनर (सिलिंडरच्या आत बसणाऱ्या नव्या नळ्या) घालून स्टँडर्ड ६८ वर परत या. स्टँडर्ड पिस्टन मिळणे सोपे पडते. पुण्यात नाना पेठेत आणि कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारा. एक पक्के लक्षात ठेवा: पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू देऊ नका. लेथवाल्याने पिस्टन मोजून त्यावरून बोअर काढायला हवा.

प्रतिसाद २

क्रँकबद्दल. नख अडते तिथे पॉलिश पेपरवर भागवू नका. चारही पिन एकाच साइझला ग्राइंड करून घ्या, म्हणजे बेअरिंगचा एकच सेट लागतो. मेन जर्नल मायक्रोमीटरने मोजा, गोल असतील तर हात लावू नका, पैसे वाचतील. ग्राइंड करणाऱ्याला बजावून सांगा की पिन आणि बाजूची भिंत यांच्यातली गोलाई तशीच ठेव. तिथे काटकोन झाला की क्रँक तिथूनच तुटतो. घरी आणल्यावर ऑइलची भोके रॉकेल आणि बारीक ब्रशने स्वतः धुवा, ग्राइंडिंगची पूड आत राहते.

मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. मधलेच दोन सिलिंडर का गेले? तुम्ही विहिरीचे पाणी घालत होता का? ब्लॉकच्या बाजूच्या पाण्याच्या टोप्या काढून आत बघा. गाळ बसला असेल तर तो बोअर करण्याआधी निघाला पाहिजे. नाहीतर नवे पिस्टनही तिथेच तापतील.

पेट्रोलचे म्हणाल तर पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या, हजारभरात होते. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने व्हॉल्व्हच्या सीट मुळातच वेगळ्या बसवलेल्या असतात. ढिल्या नसतील तर व्हॉल्व्ह घासून पाण्याने गळती बघा, पुरे.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. टोप्या आज काढल्या. २ आणि ३ च्या बाजूला बोटभर जाड लाल गाळ आणि पांढरा खडा निघाला. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी आम्ही वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये घालत होतो, ते इथे साठले. उरलेला खडा तारेने खरवडतो आहे.

नाना पेठेत फोन केले. ०.८ नाही, स्टँडर्डचा पूर्ण सेट आहे, तो मागवला. लायनरचे प्रत्येकी १,१०० सांगितलेत, म्हणजे ४,४०० वाढले. रंगकाम पुढच्या वर्षावर टाकले की बसते.

आता एकच विचारतो. लायनर ठोकून बसवल्यावर ब्लॉकचा वरचा फेसही मारावा लागेल का? हेडचा फेस मारायचाच आहे, त्यात ब्लॉकचाही मारला तर कॉम्प्रेशन वाढून इंजिन ठोके मारणार नाही ना? ज्यांनी या ब्लॉकवर हे केले आहे त्यांनी कृपया शुक्रवार रात्रीपर्यंत लिहा. शनिवारी सकाळी ब्लॉक टेम्पोत घालून उद्यमनगरला नेतो आहे.