इतक्या वर्षांनीही राग येतो? मग म्हणे तुमचं तारण झालेलंच नाही

बांधावरची सून
काल आमच्या घरच्या ग्रुपवर कुणा तरुण पास्टरांचा मेसेज फिरत आला. ज्याचा नवा जन्म, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवून झालेला बदल, खरा, त्याच्यात पाप उरतच नाही. वर्षानुवर्षं 'मी वाढतोय' म्हणणारे अजून तारणाच्या, म्हणजे पापातून सुटकेच्या, दाराबाहेरच आहेत. खाली सत्तावीस आमेन. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिते.

माझे सासरे नगरकडचे. धाकट्या भावाशी दीड हात बांधावरून वाकडं. मंडळी म्हणजे चर्च एकच, हे डावीकडच्या बाकावर, ते उजवीकडच्या. प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-प्याल्याच्या विधीलासुद्धा, दोघं एका ओळीत यायचे नाहीत. तेवीस वर्षं! आणि मामंजी रोज पहाटे पाचला शास्त्र वाचणारे. मग एका फेब्रुवारीत चुलतसासऱ्यांची मोटर जळाली, कांदा ऐन फुगायला आलेला. मामंजींनी रात्री कुणाला न सांगता आपल्या विहिरीवरून पाइप टाकला, त्याच बांधावरून. सकाळी विचारलं तर म्हणाले, "पाइप रिकामाच पडला होता." समेट वगैरे काही नाही. पुढं दोन वर्षांनी एका बाकावर बसायला लागले. बोलणं अजूनही 'पाऊस कसाय' एवढंच.

आता मेसेजवाल्यांनी सांगावं, ती तेवीस वर्षं हा माणूस कुठं होता?

अग्नी_पुणे
ताई, जय ख्रिस्त. ग्रुपवर मेसेज मीच टाकला होता, त्यामुळे उत्तर मीच देतो. 1 योहान 3:9 उघडा. देवापासून जन्मलेला पाप करत नाही. 'हळूहळू कमी करतो' असं तिथं नाही. तेवीस वर्षं भावाशी अबोला धरून भाकर-प्याला घ्यायचा आणि त्याला वाढ म्हणायचं? अयोग्य रीतीनं भाकर-प्याला घेणाऱ्यावर न्याय येतो असं सांगणारं 1 करिंथ 11 वाचलं की अंगावर काटा येतो.

माझी साक्ष: 2011 ला एका रात्रीत दारू सुटली. हळूहळू नाही. आणि पंडिता रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय की 1883 ला इंग्लंडात बाप्तिस्मा झाला तेव्हा धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला आठ वर्षांनी. म्हणजे क्षण असतो.

जुना मेथडिस्ट
कोणता क्षण, बाळा? 1883, 1891, की 1905 ला केडगावला त्यांच्या मुक्ती आश्रमात संजीवन, म्हणजे भक्तीची नवी लाट, आलं तो? त्यानंतरही बाई 1922 पर्यंत मराठी बायबलच्या भाषांतरात मान खाली घालून बसल्या होत्या. सगळं एका रात्रीत उरकलं असतं तर एवढं कशाला?

परिपूर्णतेचा, म्हणजे पापापासून पूर्ण सुटण्याचा, विषय आमच्या घरचा आहे. 1738 ला आमच्या मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या मनाला ऊब मिळाली, पण आपण परिपूर्ण झालो असा दावा त्यानं केला नाही. दावा केला तो त्याच्या लंडनच्या मंडळीतल्या काहींनी. त्यातल्या जॉर्ज बेलनं 28 फेब्रुवारी 1763 ला जगाचा अंत होणार म्हणून जाहीर केलं. वेस्लीनं त्या संध्याकाळी त्याविरुद्ध उपदेश केला आणि नेहमीच्या वेळी झोपला. मला तर पवित्रतेची खूण त्या झोपेतच दिसते.

अग्नी_पुणे
काका, अर्धवट सांगू नका. परिपूर्णता एका क्षणात मिळू शकते, हे वेस्लीनंच शिकवलं.

जुना मेथडिस्ट
शिकवलं. आणि त्या क्षणाच्या आधीही वाढ, नंतरही वाढ, हेही शिकवलं. तेवढं पान तुमच्या सभेत फाटलेलं दिसतंय.

वसईकर
आमचा गोन्सालो गार्सिया. जपानात व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन संघाचा व्रतस्थ झाला, 1597 ला नागासाकीला क्रुसावर गेला. त्याला संत म्हणायला चर्चला 1862 उजाडलं, म्हणजे 265 वर्षं. तुमच्याकडे एका शुक्रवारच्या उपासप्रार्थनेत उरकतं. आमची आजी ऐंशीव्या वर्षीही कुमसाराला, म्हणजे फादरसमोर पाप कबूल करायला, जायची. "आता कसलं पाप करतेस गं?" विचारलं तर म्हणायची, "सुनेच्या कालवणाला नाक मुरडलं."

अग्नी_पुणे
फादरसमोर बोलून पाप जात नाही, पण तो विषय नको. पवित्रता आयुष्यात दिसली पाहिजे एवढंच म्हणतो. आमच्या मंडळीत बहिणी दागिने घालत नाहीत. पाहणाऱ्याला लगेच कळतं.

पाटल्या
आलात ना शेवटी बायकांच्या अंगावर!

माझ्या आईनं एका सभेत व्यासपीठासमोर ठेवलेल्या थाळीत पाटल्या काढून टाकल्या. साडेतीन तोळे, आजीच्या. घरी आली तेव्हा मनगटावर नुसते पांढरे वळ. वडिलांना विचारलं नव्हतं. दोन वर्षांनी वडिलांचं ऑपरेशन निघालं तेव्हा आम्ही पैशासाठी दारोदार फिरलो आणि उपदेशकांचा फोन बंद. पवित्रता आईची वाढली की त्यांची, ते मला अजून कळलेलं नाही.

अग्नी_पुणे
एका माणसावरून सगळ्यांना झोडू नका. सोन्याचे दागिने नकोत हे 1 पेत्र 3:3 माझं नाही, पेत्राचं आहे.

पाटल्या
त्याच वचनात केस गुंफणंही आहे. तुमच्या बहिणी वेण्या घालतात ना? आणि स्टेजवर हात वर केला की पास्टरांचं घड्याळ चमकतं, ते कुठल्या पत्रात बसतं?

वसईकर
आमच्याकडे लग्नात सोनं बघितलं तर पेत्र बेशुद्ध पडेल.

बांधावरची सून
माझं मंगळसूत्र काळ्या मण्यांचं, खाली वाटीच्या जागी क्रूस. बचतगटातल्या बायका त्यावरूनच मला ओळखतात. पण दागिन्यांवर कुठं गेलो आपण? मी मामंजींचं विचारलं होतं.

जुना मेथडिस्ट
लक्ष्मीबाई टिळकांचं बघा. त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 चा, बाईंचा पाच वर्षांनी. पण त्यांचं सोवळं-ओवळं गळून पडलं ते बाप्तिस्म्याच्या आधीच. आणि टिळक इतके मोठे कवी-भक्त, तरी संताप ख्रिस्ती झाल्यावरही शाबूत. बाईंनीच तो हसत हसत लिहिलाय. आता टिळकांनाही दाराबाहेर काढणार का?

अग्नी_पुणे
टिळकांबद्दल मी बोललो नाही. बरं, पाइप टाकला ते देवाचंच काम, मान्य. पण ते तेवीस वर्षं आधी व्हायला हवं होतं, हेही तुम्ही मान्य करा.

बांधावरची सून
केलं. मामंजीही करतात. म्हणूनच प्रभुभोजनाला रडतात.

पाटल्या
अग्नीभाऊ, दारू सोडून इतकी वर्षं झाली. मग आता राग वगैरे काहीच येत नाही? खरं सांगा.

अग्नी_पुणे
सख्ख्या भावाशी चार वर्षं बोललेलो नाही. पण ती गोष्ट वेगळी आहे.

बांधावरची सून
बांध?

अग्नी_पुणे
फ्लॅट.

नवीन सभासद
वरचं सगळं वाचलेलं नाही. मंगळसूत्रातला क्रूस चालतो की नाही, तेवढं सांगा. रविवारी साखरपुडा आहे.