हंड्याच्या चुलीच्या धुराड्यात आतून कुठला पाइप घालावा? (बजेट ६ हजार)

जांबोटीवाला:
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीजवळ कौलारू घर आहे. न्हाणीत तांब्याचा बांधीव हंडा, जाळ बाहेरून. धुराडं विटांचं, आतून ८ इंच चौकोनी, उंची १४ फूट. सांध्यांतला चुना गळालाय, माळ्यावर धूर येतोय, भिंतीवर काळे चिकट ओघळ आलेत. गवंडी म्हणतोय पाडू नका, आत पाइप सोडू. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी पत्रा), सिमेंट की स्टील? ६ हजारांवर जाणार नाही. गणपतीच्या आधी उरकायचंय. गीझर सुचवू नका, पावसात इथं लाईटचा भरवसा नाही.

निपाणीची सून:
गीझर नको तर सोलर घ्या की. आमच्याकडं कडक पाणी येतंय, लाकडं फोडायची कटकट गेली. धूर नाही की राख नाही.

जांबोटीवाला:
ताई, कणकुंबीच्या बाजूचा पाऊस बघितलाय काय? जूनला गेलेलं ऊन गणपती झाल्यावरच दिसतंय.

उद्यमबाग फिटर:
बेळगावच्या उद्यमबागेत पत्र्याच्या कामात आयुष्य गेलं माझं. डोळे झाकून ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टील घ्या, ६ इंच गोल, वेल्डिंगचा सांधा. १५ हजार लागले तर लागू देत, परत बघायला नको. आमच्या घरचं मीच केलंय, लोक बघायला येतात.

चिकोडीकर:
१५ हजार कशाला ओ? सिमेंटचा पाइप आणा, आडवा कापून सोडा. आमच्या गावात सगळ्यांच्या चुलींना तोच आहे.

हलगा रोड:
सिमेंटच्या पाइपाच्या नादी लागू नका. आमच्या शेजाऱ्यांचा हिवाळ्यात जाळ जास्त झाल्यावर फाटकन फुटला, तुकडे कौलावर. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, कापताना त्याची धूळ छातीत जाते.

चिकोडीकर:
आमचा नाही फुटला.

बंबप्रेमी:
हंडाच काढा. आमच्या आजीचा तांब्याचा बंब अजून चालतोय, नळी त्याच्या पोटातच असते, धुराड्याचा प्रश्नच नाही. आजकाल असं तांबं मिळत नाही.

उद्यमबाग फिटर:
बंबाचाही धूर कुठंतरी जातोच की ओ.

अनगोळची वहिनी:
मूळ प्रश्नावर येते. ते काळे ओघळ म्हणजे धुरातलं डांबर. ओलं लाकूड आणि थंड, रुंद धुराडं, दोन्ही कारणं आहेत. धूर वर जाईपर्यंत गार होतो आणि डांबर भिंतीला धरतं. साचलं की एक दिवस धुराड्यातच पेटतं, तेव्हा उष्णता हजार अंशांवर जाऊ शकते. जीआयवरचं जस्त ४१९ अंशांवर वितळतं. पाइप कुठलाही घाला, आधी जुनं डांबर खरवडून काढा आणि लाकूड सावलीत सुकवून जाळा. काजूची टरफलं जाळता काय?

जांबोटीवाला:
पेटवणीला थोडी घालतो वहिनी. लाकूड आकेशियाचं, यंदा ओलंच आहे.

अनगोळची वहिनी:
टरफलं बंद करा. त्यातल्या तेलाचा चिकटा पाइपात धरतो.

उद्यमबाग फिटर:
दुकानात ३०४ म्हणून २०२ नंबरचं हलकं स्टील गळ्यात मारतात. चुंबक लावून बघा, चिकटला तर परत करा.

हलगा रोड:
काका, चुंबक २०२ ला पण चिकटत नाही. त्यानं फक्त ४३० पकडला जातो. २०२ ओळखायला थेंबाची चाचणी लागते, भंगारवाल्यांकडं असते ती बाटली.

उद्यमबाग फिटर:
मला शिकवू नका. पण थेंबाचं बरोबर आहे. आणि सांधा लावताना वरचा पाइप खालच्याच्या आत बसवा. सगळे उलटं करतात, मग डांबर बाहेर ओघळतं. वासे पाइपाला टेकू देऊ नका.

निपाणीची सून:
पाइप आणि विटांमधली जागा वाळूनं भरा, आमच्या मावशींनी तसंच केलंय.

अनगोळची वहिनी:
वाळू नको, खाली घट्ट बसते आणि पाइपाला फुगायला जागा राहत नाही. वर्मिक्युलाइट (हलकं, फुगवलेलं खनिज) भरा, कुंड्यांसाठी नर्सरीत मिळतं तेच. पाइप आतून गरम राहतो, डांबर कमी धरतं. खाली साफ करायला दार ठेवा, वर टोपी.

चिकोडीकर:
एवढ्यात अख्खी न्हाणी बांधून झाली असती.

जांबोटीवाला:
सगळ्यांचे आभार. ३०४ चा भाव विचारला, साडेअकरा हजार सांगितला. पप्पा म्हणाले, विटा आपल्या, चुना आपला, पत्र्याचं कौतुक कशाला. शेवटी जीआयच घेतला, ६ इंची, टोपीसकट ४,२०० मध्ये. वर्मिक्युलाइट भरतोय, टरफलं बंद केलीत. सडला तर पुढच्या वेळी बघू.

उद्यमबाग फिटर:
मग विचारलंत कशाला ओ? सांधा तरी मी सांगितला तसाच लावा.

बंबप्रेमी:
जुना हंडा विकणार असाल तर मेसेज करा.

टिळकवाडी ९१:
धागा पूर्ण वाचला नाही. माझ्या मते ३०४ घ्या.