मदत हवी आहे: कोवालचुकचा करार फेटाळला, होसाचा कसा चालला?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगा इथल्या आइस हॉकी संघाचा, डेव्हिल्सचा, कट्टर चाहता. मेहुणा शिकागोचा, त्यामुळे घरात वाद पेटलाय आणि मी मध्ये सापडलोय. आइस हॉकीतलं मला बेताचंच कळतं.

२०१० मध्ये डेव्हिल्सनी इल्या कोवालचुक या खेळाडूशी १७ वर्षांचा, १०.२ कोटी डॉलरचा करार केला. शेवटची पाच वर्षं दरवर्षी फक्त साडेपाच लाख डॉलर! म्हणजे वार्षिक सरासरी खाली आणायची आणि सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेत, जिथे ही सरासरीच मोजतात) जागा काढायची. एनएचएलने (म्हणजे आइस हॉकीच्या लीगने) करार फेटाळला, लवादानेही तेच ठरवलं. नंतर १५ वर्षांचा करार मान्य झाला, पण ३० लाख डॉलरचा दंड झाला आणि ड्राफ्टमधल्या (नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांमधल्या) दोन निवडी गेल्या.

आता मुलाचं म्हणणं, वर्षभर आधी शिकागोने मारियान होसाशी १२ वर्षांचा, असाच शेवटी पगार घसरत जाणारा करार केला, व्हँकुव्हरने गोलरक्षक लुओंगोशी केला. ते कसे खपले? मेहुणा म्हणतो, कोवालचुकच्या करारासारखं ४४ व्या वर्षापर्यंत कोण खेळतं, ती तर चक्क थट्टा होती. (होसाचा ४२ पर्यंत होता, हे तो सोयीने गाळतो.) पुढे २०१४ मध्ये लीगने निम्मा दंड माफ करून पहिल्या फेरीची निवडही परत दिली. चूक होती तर माफी का, नव्हती तर शिक्षा का?

मला हवंय ते एवढंच: लवादाने नेमकी कुठे रेघ मारली? वर्षांवर, वयावर की शेवटच्या वर्षांच्या पगारावर? कोणी निकाल वाचला असेल तर सोप्या मराठीत सांगाल का? रविवारी मेहुणा जेवायला येतोय.