'व्यसन' म्हणावे की 'नादी लावणे'? पालकांच्या पत्रकातील एक अडचण

कुळागर
फोंडा तालुक्यातील एका शाळेच्या पालक-शिक्षक संघासाठी मी एका इंग्रजी पत्रकाचा मराठी अनुवाद करीत आहे. मुलांचा मोबाइल आणि त्यांची झोप हा पत्रकाचा विषय आहे. त्यात 'ॲडिक्टिव्ह डिझाइन' ही संज्ञा चार वेळा येते आणि तिच्यापाशी मी आठवडाभर अडले आहे. प्रथम मी 'व्यसन लावणारी रचना' असे लिहिले होते. मसुदा वाचून दाखवला तेव्हा एक आई हलक्या आवाजात म्हणाली, "माझा मुलगा व्यसनी नाही हो. व्यसन म्हणजे काय ते आमच्या घराने भोगले आहे." नवऱ्याच्या दारूपायी तिने काय सोसले, हे वाड्यावर सर्वांना ठाऊक आहे. तो शब्द मी तिथल्या तिथे खोडला. 'सवय' लिहावे तर ते फारच सौम्य होते, कारण सवय दात घासण्याचीही असते. आपण येथे कोणता शब्द वापराल?

मांडवीकाठ
'व्यसन' शब्दाला दारूचा वास फार नंतर लागला. 'वि' आणि 'अस्', म्हणजे फेकणे, यांपासून तो बनला असून त्याचा जुना अर्थ संकट असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण राज्यावर येणाऱ्या अशाच व्यसनांविषयी आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाची दहा कामज, म्हणजे इच्छेतून उपजणारी, व्यसने सांगितली आहेत. त्यांत मद्य आहे, तसेच दिवसा झोपणे, परनिंदा आणि 'वृथाट्या', म्हणजे उगाच भटकणे, हीही आहेत. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या एका चित्रफितीवरून दुसरीवर जात राहण्याला 'वृथाट्या' याहून नेमका शब्द मला सुचत नाही. मी चाळीस वर्षे संस्कृत शिकवले आहे. शब्द टाकून देण्यापेक्षा त्याचा पूर्ण अर्थ लोकांपर्यंत पोहोचवावा, असे माझे मत आहे.

पेडण्याहून
सर, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी असहमत आहे. ज्या बाईला तो शब्द बोचला, तिच्यासाठी त्याचा अर्थ तिच्या घरात ठरला आहे, आणि पत्रक तिच्यासाठीच आहे. शिवाय व्यसन म्हणणे म्हणजे निदान करणे होय. जागतिक आरोग्य संघटनेची रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात गेमिंगच्या विकाराला जागा मिळाली आहे, समाजमाध्यमांच्या अतिवापराला मात्र स्वतंत्र निदान म्हणून मिळालेली नाही. आणि गेमिंगच्या बाबतीतही असे वागणे साधारणपणे बारा महिने टिकल्याशिवाय निदान करू नये, असे तिथे म्हटले आहे. मग आठवीतल्या प्रत्येक मुलाला आपण कोणत्या आधाराने व्यसनी ठरवणार? माझी आजी अशा वेळी कोकणीत 'पिशें', म्हणजे वेड, म्हणत असे, आणि 'पिसे लागणे' हा प्रयोग मराठीलाही परका नाही.

वाळपईकर वाचक
पिसे लागते ते लागणाऱ्याला. लावणारा त्या शब्दात कुठेच दिसत नाही. माझा आग्रह 'नाद' या शब्दासाठी आहे, कारण 'नादी लागणे' याच्या शेजारीच 'नादी लावणे' उभे आहे आणि ऐकणारा लगेच विचारतो, कोणी लावले? येथे लावणारा खराच आहे. बोट कितीही सरकवले तरी न संपणारे पान २००६ मध्ये ॲझा रास्किन या अमेरिकी रचनाकाराने घडवले आणि पुढे त्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. पूर्वी पानाच्या तळाशी पोचल्यावर मनुष्य क्षणभर थांबे आणि 'पुरे' म्हणे. ती थांबण्याची जागाच काढून घेतली गेली. माझी मुलगी पडदा खाली ओढते, ते लहान वर्तुळ गरगरते, आणि तेवढा वेळ ती श्वास रोखून धरते, हे मी तिच्या शेजारी बसून पाहिले आहे. कधी काही येते, कधी काहीच येत नाही. बक्षीस असे अनियमित मिळाले की प्राणी कळ दाबतच राहतो, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी प्रयोगांतून दाखवले होते. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोंतील स्लॉट मशीन याच तत्त्वावर चालतात. त्या बोटींवर मुलांना प्रवेश नसावा, हे आपल्याला पटते. तेच यंत्र आपण दप्तरात घालून देतो.

मांडवीकाठ
'व्यसन लावणे' असाही प्रयोग आहे, त्यामुळे व्याकरणाचा हा युक्तिवाद टिकत नाही. आणि ज्या गोव्यात भजनाचा, नाटकाचा नाद घराघरांत अभिमानाने सांगितला जातो, तिथे हा शब्द अशा कामी खर्ची घालणे मला मान्य नाही.

पेडण्याहून
कायदाही हळूहळू करणाऱ्याकडे बोट दाखवू लागला आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने 'डार्क पॅटर्न'चे, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन रचनांचे, १३ प्रकार जाहीर केले. वारंवार टोकत राहणे त्यांत आहे. न संपणारे पान मात्र नाही.

केरीचा किनारा
'विदा' हा शब्द आमच्याकडे कोणी बोलत नाही, 'डेटा'च म्हणतात; पण तो वाद वेगळा. त्या १३ प्रकारांपैकी एकाच्या, 'बेट अँड स्विच'च्या, इंग्रजी नावातच आमिष आहे, त्यावरून मला वडील आठवले. ते तेरेखोल नदीवर गरी टाकीत. सुंगट, म्हणजे कोळंबी, सोलून ते गरीवर अशा रीतीने चढवीत की काट्याचे टोक आत पुरते बुडावे, आणि नीट बुडाले की नाही हे अंगठ्याने चाचपून पाहत. मासा लागला तर त्याला सुंगटाचे व्यसन होते, असे कोणी म्हणत नाही. मी 'गळाला लावणारी रचना' असे लिहीन.

वाळपईकर वाचक
शब्द सुंदर आहे, परंतु वडिलांची गरी आपण लिहिताना 'गळ' का केली? गोव्यात मराठी लिहिणाऱ्याने आपल्या अंगणातला शब्द असा पुसून टाकावा, याचे मला दुःख होते.

केरीचा किनारा
कारण पत्रक मराठीत आहे आणि 'गळाला लागणे' हा रूढ वाक्प्रचार आहे. 'गरीला लावणारी' असे लिहिले तर पुण्यातला वाचक अडखळेल.

पेडण्याहून
पत्रक पुण्यासाठी नाही, फोंड्यासाठी आहे. सत्तरीत, काणकोणात गरीला आणखी कोणते शब्द आहेत, हे कोणी सांगू शकेल काय?

मांडवीकाठ
'गरी' आणि 'गळ' या दोहोंचे मूळ संस्कृत 'गल', म्हणजे घसा, हेच असावे, असे मला वाटते. सवडीने लिहितो.

कुळागर
सर्वांचे आभार. सोमवारी पत्रक छपाईला द्यायचे आहे. त्या आईला मी काल 'नादी लावणारी' आणि 'गळाला लावणारी' अशी दोन्ही वाक्ये वाचून दाखवली. दुसऱ्या वाक्याला तिने मान डोलावली आणि मग विचारले, "गळ टाकून बसलेला कोण, ते यात कुठे लिहिले आहे?" मूळ इंग्रजी पत्रकात त्याचे नाव नाही. अनुवादात ते घालण्याचा अधिकार मला आहे काय?