'पडीक' म्हणजे नक्की काय? माळाला पडीक म्हणायचं का?

अमळनेरकर: गावाची जैवविविधता नोंदवही भरायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. गायरानापुढे कुणीतरी आधीच 'पडीक जमीन' लिहून ठेवलंय. तिथे कुसळी गवत, बोरी, हिवर आहेत, पखुर्ड्या (माळावरचे पक्षी) उतरतात, लांडगा पण फिरतो म्हणतात मेंढपाळ. हे पडीक कसं काय? दुसरा शब्द सुचवा.

साक्रीवाला: आम्हना गावमा त्याले बरडच म्हनतस भाऊ. ढोरं चारानी जागा से ती. पडीक म्हणजे वावर होतं पण पेरलं नाही ते.

पिंपळपान: बरोबर. पड, पडीक हे नांगराचे शब्द. यंदा पेरलं नाही की चालू पड, वर्षानुवर्षं नाही पेरलं की कायम पड. सातबाऱ्यावरचा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा तुकडा, तो पण पिकाच्या हिशोबानेच खराब. जो माळ कधी नांगरलाच नाही तो पडला कधी? घोळ इंग्रजांच्या महसुलातला आहे, जिचा सारा येत नाही ती जमीन वेस्ट, आणि आपण सरळ पडीक करून टाकलं. सरकारच्या वेस्टलँड अ‍ॅटलासमध्ये, म्हणजे पडीक जमिनींच्या नकाशांत, आजही झुडपी माळ पडीकातच धरलेला असतो. मग सोलरला जागा पाहिजे की तिथेच बोट, आणि २०१९ ला राज्यात ३३ कोटी झाडांचं टार्गेट आलं तर खड्डे खणायला सगळ्यात आधी नजर कुठे जाणार? तणमोर, धाविक, पखुर्डी या माळावरच्या पक्ष्यांना झाडं नकोच असतात हो, उघडं गवत लागतं.

केळीवाला रावेर: एवढं पण भावनेत जाऊ नका. प्रत्येक उघडी टेकडी माळ नसते. साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा, तिथे जंगलच होतं, तुटलं, गावाने कुऱ्हाडबंदी करून राखलं तर परत आलं. चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली ती उगाच नाही. तिथे कुणी म्हटलं असतं की राहू द्या, हा माळ आहे, तर?

पिंपळपान: मान्य. त्याला वनखात्याचा 'अवनत वन', म्हणजे खालावलेलं जंगल, असा शब्द आहे, पण तोही जपून वापरा. १८८४ नंतर खात्रीची नोंदच नव्हती तो रानपिंगळा, म्हणजे जंगलातला छोटा घुबडासारखा पक्षी, १९९७ ला आपल्या शहाद्याजवळ सापडला, तो पण सागाच्या विरळ जंगलात. कागदावर असं विरळ जंगल अवनतच दिसणार, आणि दाट करायला गेलात तर पिंगळ्याची पंचाईत.

केळीवाला रावेर: ठीक, पण शब्द बदलून जमीन वाचते का?

पिंपळपान: कोर्टात वाचते कधी कधी. १९९६ ला जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, वन म्हणजे डिक्शनरीच्या अर्थाने जे वन ते, मालकी कुणाची का असेना. २०२३ च्या दुरुस्तीने वन संरक्षण कायदा नोंदीतल्या वनांपुरता आवळला, मग फेब्रुवारी २०२४ ला कोर्टाने अंतरिम आदेशात परत डिक्शनरीच पुढे केली. माळाच्या मागे असं काहीच नाही.

साक्रीवाला: म्हनूनच सांगी राह्यनू, बरड लिखा.

अमळनेरकर: 'गायरान, बरड, गुरचराई चालू' असं लिहितो. तलाठी आप्पा विचारतीलच की हे कुठल्या कॉलमात बसवू, तर शेऱ्यात पखुर्डी आणि लांडगा पण टाकून देतो.